काकांचा अंदाज: अंतर नजरेने मोजायला शिकण्याचं एक प्रकरण

डिसेंबरातली सकाळ होती. मुळशी तालुक्यात आमच्या ओळखीच्यांचं एक शेत आहे, तिथे आम्ही फील्ड तिरंदाजीचा सराव करतो. आंब्यांच्या दोन रांगांमधून पाहिलं की पलीकडे एक बट, म्हणजे बाण रुतवायचा गवताचा गठ्ठा, दिसतो आणि त्यामागे उंच मातीचा बांध आहे. काकांनी तिन्ही बाण त्या बांधात घातले होते. बटाच्या वरून, नेम धरलेल्या मध्यापासून अर्ध्या मीटरहून जास्त उंचावरून ते गेले. मी बाण काढायला गेले आणि तिथेच थांबले, कारण तिन्ही बाण एका वितीत होते.

रिलीज (दोरी सोडणं) बिघडला असता किंवा हात हलला असता तर बाण विखुरले असते. तीन बाण वितीत बसवणारा माणूस नेम चुकत नाही, तो आकडा चुकतो. आकडा म्हणजे अंतराचा, ज्यावर धनुष्यावरचं नेमाचं साधन, साइट, लावतात. मी विचारलं, "काका, साइट कितीवर लावली होती?"

"चाळीस."

टेप लावली. तीस मीटर भरले.

हे काका एकसष्ट वर्षांचे आहेत. निवृत्त झालेले, कोथरूडला राहणारे, तीसेक वर्षं पुण्यातल्या क्लब क्रिकेटमध्ये पंच म्हणून उभे राहिलेले. तिरंदाजी त्यांनी निवृत्तीनंतर धरली. रिकर्व्ह धनुष्य, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, साइट लावलेलं, वयाला झेपेल इतक्याच ताकदीचं. मैदानावर तीस मीटरला त्यांचे गुण तरुण मुलांच्या बरोबरीने यायचे. फील्डवर आले की निम्म्यावर घसरायचे. या प्रकरणाची सुरुवात इथून आहे, आणि मी ते सविस्तर लिहितेय कारण हीच अडचण घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात आणि जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की दोष हातात आहे.

आपल्याकडे तिरंदाज घडतो तो ठरलेल्या अंतरावर. ऑलिंपिकचं रिकर्व्ह ७० मीटर, कंपाउंड (कप्प्या लावलेलं धनुष्य) ५०, बांबूच्या धनुष्याचा इंडियन राउंड ५० आणि ३०. रेषा आखलेली, अंतर कागदावर लिहिलेलं. फील्ड तिरंदाजीत वाट डोंगरातून, झाडीतून जाते. एका फेरीत २४ लक्ष्यं असतात, प्रत्येकावर तीन बाण. त्यातल्या १२ लक्ष्यांचं अंतर पेगवर, म्हणजे उभं राहायच्या जागी रोवलेल्या खुंटीवर, लिहिलेलं असतं, उरलेल्या १२ चं नसतं. लाल पेगवरून, म्हणजे साइटवाल्यांसाठी, न लिहिलेलं अंतर १० ते ५५ मीटरमध्ये कुठेही असू शकतं. दुर्बीण चालते, अंतर मोजणारं यंत्र चालत नाही. पेगला उभं राहायचं, पाहायचं आणि आकडा ठरवायचा.

ही विद्या मुळात शिकाऱ्यांची. ज्या देशांत धनुष्याने शिकार कायदेशीर आहे तिथे शिकारी लेझर रेंजफाइंडर जवळ बाळगतात, पण हरीण झाडीतून बाहेर येतं आणि दोन पावलांत पुन्हा आत जातं. यंत्र डोळ्याला लावायला वेळ मिळेलच असं नाही. अंतर पाच मीटर चुकलं तर बाण प्राण्याच्या वर्मी लागण्याऐवजी पोटात किंवा पायात लागतो आणि तो जखमी होऊन दिवसभर कुठेतरी पडून राहतो. म्हणून तिथले जाणते लोक नजरेच्या अंदाजाला कौशल्याच्याही आधी जबाबदारी मानतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. आपलं लक्ष्य कागदाचं किंवा फोमचं. पण डोळ्याचं काम तेच.

आता पाच मीटरची चूक म्हणजे नेमकं काय, ते काकांच्या धनुष्यावर मांडते. त्यांचा बाण सेकंदाला साधारण ५० मीटर जातो. तीस मीटर गाठायला त्याला ०.६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात तो सरळ रेषेपासून पावणेदोन मीटर खाली येतो. साइट हा फरक भरून काढते, पण तुम्ही सांगितलेल्या अंतरासाठीच. लक्ष्य तीसवर असताना साइट पस्तीसवर लावली तर बाण सुमारे ३० सेंटीमीटर वर जातो. चाळीसवर लावली तर जवळजवळ ६०. बांधातल्या त्या तीन बाणांचा हिशेब इथे तंतोतंत जुळला. कंपाउंडचा बाण सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास जात असेल तर तीच पाच मीटरची चूक त्याला १० सेंटीमीटरमध्ये पडते. म्हणून कंपाउंडवाल्याला अंदाज थोडा कच्चा असला तरी चालून जातं, काकांना नाही.

यातून एक मजेशीर आणि उपयोगाची गोष्ट निघते. फील्डच्या फेसचे, म्हणजे बटावर लावलेल्या लक्ष्याच्या कागदाचे, चार आकार असतात: २०, ४०, ६० आणि ८० सेंटीमीटर. मधला पिवळा भाग फेसच्या एकपंचमांश व्यासाचा. २० चा फेस १० मीटरला, ४० चा २० ला, ६० चा ३० ला आणि ८० चा ४० ला लावला, तर पिवळ्यात राहण्यासाठी काकांना चारही ठिकाणी सूट सारखीच मिळते: एक मीटर. दहा मीटरला एक मीटर म्हणजे दहा टक्के, ते कोणीही सांगेल. चाळीसला एक मीटर म्हणजे अडीच टक्के. ते शिकावं लागतं.

यंत्राचं काय झालं

काकांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या ऑफिसातले काहीजण धनुष्याने शिकार करतात, त्यांच्याकडून माहिती घेऊन त्याने दिवाळीच्या आधी वडिलांना एक लेझर रेंजफाइंडर पाठवला होता. यंत्र उत्तम. काका ते रोज वापरत होते: बाल्कनीतून, बागेत, रस्त्यावर. तरीही अंदाज सुधारेना, आणि याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

"मॅडम, दोन महिने रोज पन्नास वस्तू मोजतोय. डोळ्याचं वय झालं असेल का हो?"

मी म्हटलं, "काका, एकदा मला दाखवा, कसं मोजता ते." त्यांनी यंत्र डोळ्याला लावलं, समोरच्या खांबावर धरलं, बटण दाबलं. "सव्वीस." मग यंत्र खाली करून खांबाकडे पाहिलं आणि मान डोलावली. "बरोबर, सव्वीसच वाटतोय."

सगळा दोष त्या मान डोलावण्यात होता. आकडा आधी कळला की डोळा त्याला होकारच देतो. चूक व्हायला जागाच उरत नाही, मग ती दुरुस्त कशी होणार? मी यंत्र काढून घेतलं नाही, फक्त क्रम बदलला. आधी मोठ्याने आकडा बोलायचा, तो पेनाने वहीत लिहायचा आणि मगच मोजायचं. मनातल्या मनात धरलेला आकडा चालणार नाही, कारण मनातला आकडा यंत्र दिसताच हळूच सरकतो. हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलं आहे.

वहीत रकाने चार. कुठे उभे होतो आणि मध्ये जमीन कशी होती. माझा आकडा. खरा आकडा. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा: वस्तू खऱ्यापेक्षा लांब दिसली की जवळ.

टेकडीवर

सराव पुण्यातल्या वेताळ टेकडीवर ठरला. इथे एक गोष्ट ठणकावून सांगते: टेकडीवर धनुष्य नेलं नाही, एकदाही नाही. सकाळी तिथे शेकडो माणसं चालतात, गिरिपुष्पाच्या झाडीत मोर असतात, आणि चुकलेला बाण कुठे जाऊन पडेल याची खात्री उघड्या टेकडीवर कोणीच देऊ शकत नाही. आम्ही नेलं ते इतकंच: वही, पेन, पन्नास मीटरची टेप आणि काकांचं यंत्र.

टेप पाहिली की चालणारे लोक थांबायचे. टेकडीवरून काढायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या वादामुळे टेकडीवर कोणी मोजमाप करताना दिसलं की पुणेकर सावध होतो, आणि ते योग्यच आहे. एका आजींनी काकांना चांगलं दहा मिनिटं विचारलं. तिरंदाजी ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे, झाडाला खिळा नको हं."

पहिल्या आठवड्यात चाळीस नोंदी झाल्या. काकांनी रविवारी बसून सरासरी काढली आणि आनंदाने फोन केला, "मॅडम, सरासरी चूक जवळजवळ शून्य!"

मी वही मागवली. सरासरी खरोखर शून्याला टेकत होती, पण ती दोन मोठ्या चुका एकमेकींना खात असल्यामुळे. नोंदी जमिनीच्या प्रकारानुसार वेगळ्या केल्यावर चित्र लख्ख झालं. झाडांच्या दोन रांगांमधून किंवा अरुंद पायवाटेवरून पाहिलेली प्रत्येक वस्तू "लांब". खाणीच्या किंवा घळीच्या पलीकडची, जिथे मधली जमीन डोळ्याआड जाते, ती जवळपास प्रत्येक वस्तू "जवळ". उघड्या सपाटीवर वीस मीटरपर्यंत अचूक, पुढे कमी कमी सांगत गेलेले.

यातलं पहिलं आणि दुसरं नवं नाही. सैन्यात अंतराचा अंदाज शिकवताना हेच सांगतात: बोगद्यासारख्या वाटेतून पाहिलं, उजेड कमी असला किंवा सूर्य डोळ्यावर असला की वस्तू लांब भासते, मध्ये न दिसणारा खोलगट भाग असला, ऊन लख्ख असलं, वस्तू आजूबाजूच्यांपेक्षा मोठी असली की जवळ भासते. माहिती जुनीच आहे. पण ती वाचणं वेगळं आणि स्वतःच्या अक्षरात सलग नऊ वेळा "जवळ, जवळ, जवळ" लिहिलेलं पाहणं वेगळं. काका त्या पानाकडे बराच वेळ बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका पाहून निर्णय दिले होते. इथे त्यांच्याच डोळ्याचा पुरावा समोर होता आणि तो त्यांनी पंचासारखाच, खळखळ न करता मान्य केला.

दोन पिचचं कोडं

सपाटीवरची चूक मला जास्त खोल वाटली, म्हणून तिच्यावर थोडं थांबते.

काकांच्या डोळ्यात एक माप आयुष्यभराचं बसलेलं आहे: पिच. २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. वीस मीटरवर एखादी पिशवी ठेवायला सांगा, ते अर्ध्या पावलाच्या फरकाने ठेवतील. हे फार मोठं भांडवल होतं आणि ते त्याचाच वापर करत होते. लांबचं अंतर आलं की मनात एक पिच अंथरायची, तिच्यापुढे दुसरी, आणि बेरीज करायची. पद्धत बरोबर. तरी पंचेचाळीसचं अंतर ते अडतीस सांगायचे.

एका संध्याकाळी त्यांच्या जुन्या मैदानावर गेलो. काका उभे राहिले त्यांच्या नेहमीच्या जागी, पंचाच्या. मी वीस मीटरवर एक स्टंप रोवला, चाळीसवर दुसरा. "काका, दोन्ही पिच सारख्या दिसतात का?"

ते पाहत राहिले. "नाही. पुढची चेपलीय."

हे नुसतं भासत नाही, भूमितीच तशी आहे. पायाशी उभं राहून पाहिलं तर पहिल्या पिचच्या उत्तरार्धाला नजरेत जेवढी उंची मिळते, तिच्या निम्म्यात अख्खी दुसरी पिच बसते. काका मनात दुसरी पिच अंथरताना तिला पहिलीइतकी ऐसपैस अंथरत होते, म्हणून दुसरी पिच पुरी व्हायच्या आतच लक्ष्य यायचं आणि आकडा कमी यायचा.

त्या संध्याकाळी त्यांनी तासभर दुसरं काही केलं नाही. पंचाच्या जागेवरून फक्त वीस ते चाळीसचा तुकडा पाहायचा. मग वळून मैदानाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे स्टंप नाहीत, तिथे चाळीस मीटरवर मला उभं करायचं. "मागे. अजून मागे. थांबा." पहिल्यांदा मी चव्वेचाळीसवर पोचले होते. अंधार पडेपर्यंत एकेचाळीसवर आलो.

दुसरी पद्धत जोडीला दिली: लक्ष्यापर्यंतचा मध्यबिंदू शोधायचा, तिथपर्यंतचं अंतर सांगायचं, दुप्पट करायचं. काकांचा मध्यबिंदू बहुतेक वेळा थोडा पुढे सरकलेला असायचा, त्यामुळे दुप्पट केल्यावर आकडा जास्त यायचा. एक पद्धत कमी सांगते, दुसरी जास्त, खरं अंतर बहुधा त्या दोघींच्या मध्ये. त्यांना हे फार आवडलं. दोन साक्षीदार, म्हणाले.

साठ की ऐंशी

आता त्या डिसेंबरातल्या तीन बाणांकडे परत. आंब्यांच्या रांगांमुळे लक्ष्य लांब भासलं हे खरं, पण तीसचे चाळीस होण्याइतकं नाही. बाकीची चूक फेसची होती.

मघाशी म्हटलं की ६० चा फेस ३० मीटरला आणि ८० चा फेस ४० मीटरला. या दोन्हींचा नजरेतला आकार अगदी सारखा असतो, कारण आकार आणि अंतर एकाच प्रमाणात वाढलेले असतात. काळा फेस, पिवळं मध्य, वलयं तेवढीच. २० चे फेस बटावर बारा लावतात आणि ४० चे चार, त्यामुळे ते लगेच ओळखू येतात. ६० आणि ८० मात्र एकेकटेच असतात. काकांनी ६० ला ८० समजलं, आणि मग डोळ्याने इमानदारीने चाळीस सांगितलं.

नियम इथे आपल्याला मदत करतो आणि ती फुकट सोडू नये. लाल पेगवरून न लिहिलेल्या अंतराला ६० चा फेस २० ते ३५ मीटरमध्येच लागतो, ८० चा ३५ ते ५५ मध्ये. म्हणजे फेस ओळखला की निम्मं काम झालं. मी काकांना सांगितलं, आधी फेस ठरवा, अंतराचा विचारच नंतर. दुर्बिणीतून पिवळं पाहू नका, कागदाची कड पाहा. कडेला बटाचं गवत किती उरलंय, बटाच्या स्टँडची लाकडं किती जाड दिसतात, खाली उगवलेल्या गवताच्या काड्या वेगवेगळ्या दिसतात की एकच पिवळा पट्टा. तीस मीटरवर दुर्बिणीतून काडी न् काडी दिसते आणि कुसळंही. चाळीसला आमच्या शेतावरच्या उजेडात त्यांचा गोंधळ होतो. हे माप आमच्या शेतापुरतं आणि काकांच्या दुर्बिणीपुरतं आहे, दुसरीकडे दुसरं सापडेल. पण ते प्रत्येकाने शोधावंच.

आणखी एक सवय मोडायला लागली. पहिला बाण खाली लागला की काका लगेच साइट बदलायचे. मी ते थांबवलं. पहिला बाण खाली जाण्याची दोन कारणं असतात, अंदाज चुकला किंवा रिलीज चुकला, आणि हाताला ते आतून कळतं. बाण सुटताना स्वच्छ वाटला असेल तरच आकड्यावर शंका घ्यायची. रिलीजबद्दलच शंका असेल तर दुसरा बाण त्याच साइटवर. एका वाईट रिलीजच्या नादी लागून बरोबर आकडा सोडणारे मी फार पाहिले आहेत.

एप्रिलमधली फेरी

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी शेतावर बारा लक्ष्यं लावली, अंतरं फक्त मला माहीत. काकांनी प्रत्येक ठिकाणी आकडा वहीत लिहूनच बाण सोडला. आठ ठिकाणी ते एक मीटरच्या आत होते. तीन ठिकाणी दोन मीटरपर्यंत, त्यातली दोन ओढ्यापलीकडची. तिथे त्यांनी "जवळ दिसतंय, वाढवा" म्हणत आकडा वाढवला होता, पण जरा जास्तच.

बारावं लक्ष्य उतारावर होतं आणि तिथे नवीनच चूक निघाली. उतारावर किंवा चढावर नेम धरताना तिरक्या अंतराऐवजी आडवं अंतर धरायचं असतं, वर असो की खाली, साइट कमीच लावायची. काकांना हे पाठ होतं. अंतर त्यांनी बरोबर तीस सांगितलं. उतार पंचवीस अंशांचा वाटला, म्हणून त्यांनी हिशेबाने सत्तावीसवर साइट लावली. पंचवीस अंशांना ते बरोबरच ठरलं असतं. पण मी फोनवर मोजला तेव्हा उतार दहा अंशांचा निघाला. दहा अंशांना तीसचे साडेएकोणतीस होतात, बस. बाण पंधरा सेंटीमीटर खाली लागले, तीन-तीन गुण.

डोळ्याला उतार नेहमी खऱ्यापेक्षा जास्त खडा वाटतो. सिंहगडाचा घाट खालून पाहिला तर तो चढणार कसा असं वाटतं, तसंच. वहीत पाचवा रकाना वाढला: उतार किती वाटला, किती निघाला. काकांनी तो स्वतःच आखला, पट्टी धरून, आणि त्याच आठवड्यात टेकडीवर जाऊन भरायला सुरुवात केली.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यांचा फोन आला. मागे वारा ऐकू येत होता, ते टेकडीवरच होते.

"मॅडम, ढग उतरलेत खाली. तोच दगड आहे, मार्चमध्ये मी त्याला चोवीस म्हटलं होतं, चोवीसच होता. आज मला तो तिसाच्या पुढे दिसतोय."

"लिहिलंत का तीस?"

"लिहिलं. आधी लिहिलं, मग फोन केला. मोजायचंय अजून."